पंप फिरतो, मग पाणी का चढत नाही?

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये कोपर हे स्थानक आहे. उल्हास नदीची खाडी येथून जवळच आहे. या परिसरात, किंवा ठाणे-कल्याण पट्ट्यात कोठेही, चार मजली इमारतीत राहणाऱ्या मुलांना एक वाक्य चांगलेच परिचयाचे असते : "पंप बिघडलाय, पाणी जपून वापरा!" नगरपालिकेच्या नळाला पाणी ठराविक वेळ येते आणि त्याचा दाब गच्चीपर्यंत पोहोचण्याइतका नसतो. म्हणून ते आधी जमिनीखालच्या टाकीत साठवतात आणि मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतात. पंप थांबला की तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या आजीआजोबांना बादल्या मोजाव्या लागतात.

गंमत अशी की, पुष्कळदा पंप बंद पडलेला नसतोच. मोटर फिरत असते, आवाज येत असतो, विजेचे मीटरही पळत असते. फक्त पाणी वर येत नाही. असे का बरे व्हावे? याचे उत्तर शोधायला महागडी उपकरणे लागत नाहीत. तुम्ही आठवी-नववीत शिकलेले दाबाचे नियम, एक घड्याळ आणि क्रमाने विचार करण्याची सवय एवढे पुरे होते.

पंप पाणी ओढतो का?

आपण सहज म्हणतो की पंप टाकीतले पाणी 'ओढतो'. पण पाण्याला दोरीसारखे ओढता येत नाही. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, एवढेच. टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागावर वातावरणाचा दाब असतोच. तो पाण्याला नळीतून वर ढकलतो. म्हणजे पाणी वर चढवण्याचे पहिले काम हवा करते, आणि तेही फुकट!

पण या फुकटच्या मदतीला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब ७६ सेंमी. उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाइतका असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेव्हा पाण्याच्या स्तंभाची उंची होईल ७६ × १३.६ = सुमारे १,०३४ सेंमी., म्हणजे १०.३ मीटर. इटलीत सतराव्या शतकात विहिरीवरचे पंप याच उंचीपाशी अडत असत. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अडचणीचा उल्लेख केला आहे. त्याचा शिष्य टॉरिसेली याने पुढे १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी वापरून तिचे कारण उघड केले. १६४८ साली पास्कालच्या मेव्हण्याने ही नळी फ्रान्समधील प्यूई द डोम या डोंगरावर नेली, तेव्हा पाऱ्याची उंची कमी भरली. वर गेल्यावर हवेचा थर कमी होतो, म्हणून दाबही कमी होतो, हे त्यावरून पक्के झाले.

व्यवहारात १०.३ मीटरही मिळत नाहीत. दाब फार कमी झाला की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळू लागते. ३० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ४३ सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तेवढी उंची आधीच वजा झाली. नळीतील घर्षणात आणखी थोडी जाते. प्रत्येक वळणावर बसवलेला एल्बो, म्हणजे नळाचा कोपरच, आपला वाटा घेतो. म्हणून पाण्याच्या पातळीपासून पंप ६-७ मीटरपेक्षा जास्त उंचीवर ठेवू नये असा संकेत आहे. पंपाच्या पुढे मात्र ही मर्यादा नाही. तेथे पाणी हवेच्या दाबाने नव्हे, तर पंपाच्या जोराने चढते. म्हणूनच १८ मीटर उंचीची गच्चीही त्याच्या आवाक्यात येते.

पोटात हवा भरलेला पंप

घरगुती पंप बहुधा केंद्रोत्सारी जातीचा असतो. त्याच्या पोटात वाकड्या पात्यांचे एक चक्र असते. त्याला इम्पेलर म्हणतात. मोटर ते मिनिटाला सुमारे २,८०० वेळा फिरवते. पात्यांमधले पाणी कडेकडे फेकले जाते, मध्यभागी दाब कमी होतो आणि त्या जागी नवे पाणी येते.

आता लक्ष द्या, कारण साऱ्या बिघाडांची किल्ली येथे आहे. असा पंप जो द्रव किंवा वायू फेकतो, त्याचाच ठराविक उंचीचा स्तंभ उभा करू शकतो. समजा, एखादा पंप २५ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. त्याच्या पोटात पाण्याऐवजी हवा असेल, तर तो २५ मीटर उंचीचा हवेचा स्तंभ पेलेल. पण एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम, तर हवेचे अवघे १.२ किलोग्रॅम. म्हणजे २५ मीटर हवेचा दाब किती पाण्याइतका?

२५ × १.२ ÷ १,००० = ०.०३ मीटर = ३ सेंमी.

जो पंप पाण्याने भरलेला असताना गच्ची गाठतो, तोच हवेने भरलेला असताना पाणी जेमतेम तीन बोटे वर आणतो! यालाच आपल्याकडचे प्लंबर 'पंपाने एअर पकडली' असे म्हणतात. उपाय म्हणजे पंप आणि त्याची खालची नळी आधी पाण्याने भरून घ्यायची. हे पाणी खाली पळून जाऊ नये, म्हणून नळीच्या तळाशी एक झडप असते. ती फूट व्हॉल्व्ह. ती पाण्याला वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही.

तपासणीचा क्रम

बिघाड शोधताना तीन नियम पाळावेत. जे तपासायला सर्वांत सोपे ते आधी तपासावे. एका वेळी एकच बदल करावा. आणि काय केले, काय दिसले, हे वहीत लिहावे. एकाच वेळी झडप बदलली, वायर बदलली आणि नळीही बदलली, तर पंप सुरू होईल. पण बिघाड कशात होता ते कधीच कळणार नाही.

येथे एक इशारा. वीज आणि पाणी जेथे एकत्र येतात तेथे हात घालणे हे तुमचे काम नव्हे. तुम्ही पाहा, ऐका, वेळ मोजा आणि अनुमान काढा. पंप उघडणे घरातल्या मोठ्या माणसांनी किंवा वायरमनने, मुख्य खटका बंद करूनच करावे.

पहिली पायरी : खालच्या टाकीत पाणी आहे का? हसू नका. कित्येकदा बिघाड एवढाच असतो. पाणी असले तरी फूट व्हॉल्व्ह त्यात नीट बुडालेला हवा. पातळी खाली गेली की पाण्यात भोवरा पडतो आणि त्यातून हवा आत शिरते. उन्हाळ्यात पंप आधी नीट चालून मग अचानक रिकामा फिरू लागतो, तो बहुधा यामुळेच.

दुसरी पायरी : आवाज ऐका. मोटर नुसती घुमत असेल आणि फिरत नसेल, तर दोष पाण्याकडे नाही, विजेकडे किंवा चक्र अडकण्याकडे आहे. एका फेजवर चालणाऱ्या मोटरला फिरण्याची दिशा देण्यासाठी धारित्र लागते. वायरमन त्याला कंडेन्सर म्हणतात. ते निकामी झाले की मोटर हुंकार देते, पण हलत नाही. अशी मोटर लगेच बंद करावी. ती तापून जळते. विद्युत्‌दाब कमी असला तरीही असे होऊ शकते. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर जोर उरतो (१८० ÷ २३०)² = ०.६१, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. पंपातून खडे खळखळल्यासारखा आवाज आला, तर आत वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटत आहेत असे समजावे. अशा वेळी खालची नळी तुंबली आहे का ते पाहावे.

तिसरी पायरी : मोटर मोकळी फिरते, पण पाणी नाही. आता वीज बंद करून आणि गच्चीकडे जाणाऱ्या नळीचा कॉक बंद करून, पंपावरचे पाणी भरण्याचे झाकण हळूच सैल करावे. ही सर्वांत मोलाची कसोटी आहे. आत काठोकाठ पाणी असेल, तर पंपात हवा नाही. अडथळा पुढे आहे. वरचा कॉक कोणीतरी बंद ठेवला असेल किंवा वरच्या नळीतील उलट-रोधक झडप अडकली असेल. आत पाणी नसेल, तर दोष मागच्या बाजूला आहे.

चौथी पायरी : दोष मागे असेल, तर झाकणातून पाणी ओतून पंप भरावा आणि दहा मिनिटे पाहत राहावे. पाण्याची पातळी उतरत गेली आणि नळीचे सांधे कोरडे असले, तर फूट व्हॉल्व्ह गळतो आहे. बहुधा त्यात वाळूचा कण किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अडकलेला असतो. एखाद्या सांध्यातून थेंब पडू लागले, तर चोर तेथेच आहे. पंप चालू असताना त्या सांध्यातून पाणी बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, म्हणून तो एरवी दिसत नाही.

पंप पाण्यावाचून फिरवत ठेवू नये. त्याच्या दांड्याभोवतीचे सील पाण्यानेच थंड राहते. पुढचा कॉक बंद ठेवून पंप चालवणेही वाईट. समजा, त्याच्या पोटात २ लिटर पाणी आहे आणि ३०० वॅट शक्ती त्यातच मुरते आहे. तर ते पाणी सेकंदाला ३०० ÷ (२ × ४,२००) = ०.०३६ अंशाने, म्हणजे मिनिटाला सुमारे २ अंशांनी तापेल. दहा मिनिटांत २८ अंशांचे पाणी ४९ अंशांवर जाईल. पंपाचे पोट गरम लागते आहे असे मोठ्यांनी सांगितले, तर कॉककडे बोट दाखवा!

घड्याळाची साक्ष

पंप एकाएकी क्वचितच दगा देतो. आधी तो हळूहळू मंदावतो आणि ते घड्याळाला कळते. १,००० लिटर पाणी १८ मीटर चढवायला लागणारे कार्य :

१,००० × ९.८ × १८ = १,७६,४०० ज्यूल.

मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर पाण्याच्या वाट्याला सुमारे २९८ वॅट येतात. वेळ लागेल १,७६,४०० ÷ २९८ = ५९२ सेकंद, म्हणजे जवळजवळ १० मिनिटे. ५,००० लिटरची टाकी ५० मिनिटांत भरावी. तुमच्या इमारतीत आज टाकी किती वेळात भरते ते लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तेच काम दीड तास घेऊ लागले, तर पंप बंद पडण्याची वाट न पाहता जाळी साफ करून घ्या आणि झडप तपासून घ्या. त्यात विजेचीही बचत आहे.

पावसाळा : खड्ड्यातला पंप

पाणी चढवणाऱ्या पंपाचा एक भाऊ आहे, पाणी उपसणारा. लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात किंवा तळमजल्यावरच्या सखल भागात झिरपलेले पाणी तो बाहेर फेकतो. तो पाण्यातच बुडून राहतो, म्हणून त्याला आधी पाणी भरावे लागत नाही. पातळी वाढली की एक तरंगता गोळा वर येतो आणि खटका आपोआप सुरू होतो. गोळा वायरीत गुंतला किंवा कचऱ्याखाली दबला, की पंप सुरूच होत नाही किंवा बंदच होत नाही. खाडीकाठच्या वस्तीत पावसाळ्यात जमिनीतील पाण्याची पातळी वर येते, तेव्हा या पंपाची खरी परीक्षा असते.

पण पंपाला काय जमते आणि काय जमत नाही, हेही समजून घ्या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला. १ मिमी. पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या आवारात एवढा पाऊस पडला, तर ४,७२,००० लिटर पाणी होईल. तासाला १०,००० लिटर उपसणाऱ्या पंपाला ते काढायला ४७ तास लागतील, आणि बाहेरचा रस्ताही पाण्याखाली असेल तर काढलेले पाणी पुन्हा आतच येईल. पंप पाणी नाहीसे करत नाही. फक्त त्याची जागा बदलतो. भरतीच्या वेळी खाडीच चढलेली असेल, तर पाण्याला जायला जागा नसते.

अशा वेळी एकच गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे माणसांचा जीव. ओल्या अंगाचा विद्युत्‌रोध १,००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडवायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. म्हणून पाणी साचलेल्या खोलीत पंप सुरू किंवा बंद करायला कोणीही उतरू नये. कोरड्या जागेतील मुख्य खटका आधी बंद करावा. पंपाच्या मंडलात ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रोधक खटका आणि उत्तम भूसंपर्क असावा. गळती होताच तो सेकंदाच्या लहानशा अंशात प्रवाह तोडतो. पूर ओसरल्यावर जमिनीखालची टाकी रिकामी करून, धुऊन आणि निर्जंतुक करूनच पुन्हा भरावी.

जेथे पाणी गोठते

कोपरच्या हिवाळ्यात फार तर स्वेटर निघतो. नळ गोठत नाही. पण शिकागो किंवा टोरांटो येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा. तेथील घरांना तळघर असते. पायाभोवती झिरपलेले पाणी एका खड्ड्यात जमते आणि तसाच तरंगत्या गोळ्याचा पंप ते भिंतीतून बाहेर फेकतो. कडाक्याच्या थंडीत तेथे नेमकी आपल्यासारखीच तक्रार येते : पंप फिरतो, पाणी जात नाही!

कारण शोधू या. जमिनीतून आलेले पाणी शून्य अंशाच्या बरेच वर असते, म्हणून वाहत असताना ते सहसा गोठत नाही. पंप थांबला की बाहेरच्या नळीच्या झोळात थोडे पाणी उरते. ते गोठते आणि नळीला बूच बसते. पुढच्या वेळी पंप या बुचावर धडका देतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, १०० लिटर पाण्याचे १०९ लिटर बर्फ होते. बर्फ आणि बंद झडप यांच्यामध्ये पाणी कोंडले, तर नळी फुटते. आणि खड्डा भरून वाहिला, तर तळघरातले सामान पाण्यात जाते.

उपाय पाहा, सगळे साध्या भौतिकशास्त्रातले आहेत. बाहेरची नळी सतत उताराची ठेवायची, म्हणजे पाणी मागे उरत नाही. नळी पुरायची असेल, तर जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते त्याच्या खाली पुरायची. ही खोली शिकागोत सुमारे १ मीटर, तर टोरांटोत सुमारे १.२ मीटर धरतात. भिंतीच्या बाहेर लगेचच नळीला फटी असलेला एक तुकडा जोडतात. पुढे बूच बसले, तरी पाणी त्या फटींतून अंगणात पडते. जोडलेली लांब रबरी नळी हिवाळ्यापूर्वी काढून टाकतात.

आणि बूच बसलेच तर? आधी पंपाची वीज बंद करायची आणि खड्ड्यातले पाणी बादलीने काढायचे. मग नळी ऊन पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी, उघड्या तोंडाकडून सुरुवात करून, शेकायची. ज्योतीने कधीही नाही. या कामाला चिकाटी का लागते? ४ सेंमी. व्यासाच्या ३ मीटर नळीत सुमारे ३.५ किलोग्रॅम बर्फ मावतो. १ किलोग्रॅम बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे एकूण २८० किलोकॅलरी. ६० अंशांचे १ लिटर पाणी शून्यापर्यंत थंड होताना ६० किलोकॅलरी देते. सारी उष्णता बर्फालाच मिळाली, तरी पावणेपाच लिटर ऊन पाणी हवे. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, म्हणून त्याच्या कितीतरी पट लागते.

कोपरचा पंप हवेने अडतो, टोरांटोचा बर्फाने. पण शोधण्याची रीत एकच : पाण्याचा मार्ग डोळ्यांपुढे आणा आणि ते कोठपर्यंत पोहोचले आहे ते पाहा. जेथे पाणी थांबले, तेथेच तुमचे उत्तर आहे.

करून पाहा

१. सरबत पिण्याच्या नळीला वरच्या बाजूस टाचणीने एक भोक पाडा आणि नळीने पाणी ओढून पाहा. मग भोकावर बोट ठेवून पुन्हा ओढा. पंपाच्या सैल सांध्याशी याची तुलना करा.

२. प्लॅस्टिकची बाटली तोंडापर्यंत पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. काचेची बाटली मात्र घेऊ नका. सकाळी तिचा आकार पाहा.

विचार करा

१. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे पंप पाण्याच्या पातळीपासून कोपरइतक्याच उंचीवर ठेवून चालेल का?

२. जमिनीखालची टाकी पंपापेक्षा उंचावर असती, तर फूट व्हॉल्व्हची गरज पडली असती का?

३. तुमच्या इमारतीतील पंपाला १,००० लिटर पाणी चढवायला किती वेळ लागतो? त्यावरून त्याची कार्यक्षमता काढा.